शून्य मार्कांची शिकवणी

हिल्सबरो, ऑकलंड
१२ मे १९९६

चि. इंद्रनील,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, तेव्हा ते लिहिले आहेत असं समज. हे पत्र तुला माफ केलंय म्हणून लिहीत नाही. मेडिकलला जाशील म्हणून तुला डुनेडिनला पाठवलं आणि तू तिथे बेकरीत पाव भाजायला लागलास. वर गेल्या वर्षी सहा-सात महिने फोनवर 'अभ्यास छान चाललाय' म्हणत राहिलास. इथे मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. विचारलं की 'अभ्यासात असतो' म्हणते. तुझ्या बाबांना मात्र हॉस्पिटलात कुणी विचारलं की ते खरं सांगून मोकळे होतात. डॉ. गुरुनाथांची सगळी हयात खरं सांगून मोकळं होण्यातच गेली.

पत्राचं कारण तुझी बहीण. ऋग्वेदा फेब्रुवारीपासून बिघडली आहे. शाळेतून आली की दप्तरासकट पलंगावर पडते. केस धूत नाही, नेटबॉल सोडलं, ताटात वाढलेलं तसंच ठेवते आणि विचारलं की 'आय अ‍ॅम फाइन' म्हणते. पंधरा वर्षांच्या घोडीला अंघोळीला जा म्हणून सांगावं लागतं. मी लाडानं सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा तांब्याभर पाणी अंगावर ओतून पाहिलं. ती उठली, कपडे बदलले आणि पुन्हा पडली. मग शाळेच्या बाईंचा फोन आला, मुलगी वर्गात रडते म्हणून. माझी मुलगी चारचौघांत रडते हे मला परक्या बाईकडून कळावं!

शाळेनं तिला एका सायकॉलॉजिस्टकडे पाठवलंय. नाव जॅकी. आडनाव सांगत नाही, इथे सगळेच नुसत्या नावाचे. खुर्चीत पाय वर घेऊन बसते आणि 'किया ओरा, विनया' असा माओरी नमस्कार ठोकते, जसं काही आम्ही एका नळावर पाणी भरलंय. ऋग्वेदाला डिप्रेशन आहे म्हणाली. गोळ्या इतक्यात नकोत, दर मंगळवारी बोलू, तिच्या विचारांवर काम करू. नोव्हेंबरात स्कूल सर्टिफिकेटची परीक्षा आहे आणि ही विचारांवर काम करणार.

तिनं एक कागद भरायला दिला. एकेका प्रश्नाखाली तीन-तीन वाक्यं. झोप लागते, कमी लागते, लागतच नाही, असं. आपल्याला लागू पडेल त्यावर खूण करायची. मग बेरीज. जितके मार्क जास्त तितका आजार मोठा. तुझ्या बहिणीला भरघोस मार्क पडले. आपल्या घरात मार्क मिळवून मान खाली घालायची वेळ पहिल्यांदाच आली.

जॅकीनं विचारलं, घरात अलीकडे काही बदललंय का? मी नाही म्हणाले. तू रविवारी फोन करतोस तेव्हा ती फोनची वायर ताणून हॉलमधल्या कपाटात जाऊन बसते. तिला काय शिकवतोस, घर सोडणं किती सोपं असतं ते? तुझ्यामुळे झालंय हे सगळं. तुला कळावं म्हणून लिहिलं.

आई


२३ जून १९९६

चि. इंद्रनील,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'आई, तिला ओरडू नकोस, जॅकीचं ऐक.' एवढंच. पाव भाजता भाजता मानसशास्त्रही शिकलास वाटतं.

जॅकीचं मी ऐकते आहे, अगदी कान देऊन. तिची पद्धत मला आता पाठ झाली. माणूस दुःखी होतो तो घडलेल्या गोष्टीमुळे नाही, तर त्या गोष्टीबद्दल मनात जे येतं त्यामुळे, असं तिचं म्हणणं. म्हणून मनात आलेलं कागदावर मांडायचं. रकाने आखून दिलेत. काय घडलं. मनात काय आलं. ते खरं असल्याचा पुरावा. खोटं असल्याचा पुरावा. आणि मग आता काय वाटतं.

ऋग्वेदाचा कागद टेबलावरच पडला होता. काय घडलं: दादा गेला. मनात काय आलं: मी उरले, पण आईला मी पुरत नाही. खरं असल्याचा पुरावा: आई म्हणाली, 'घोडा पळाला, आता या शेळीला शर्यतीत उतरवायचं.' खोटं असल्याचा पुरावा: रिकामा.

म्हणाले होते मी तसं. जेवताना सहज म्हणाले होते. आपल्याकडे बोलायची एक तऱ्हा असते, ती इंग्रजीत उतरवली की भयंकर दिसते. पण मला राग त्याचा नाही आला. मला ती रिकामी जागा बघवेना. पुण्यात मी बारा गावची पोरं स्कॉलरशिपला बसवली, एकानं प्रश्न कोरा सोडला नाही. आणि माझ्या पोटची पोरगी रकाना रिकामा ठेवून उठते?

तिला बोलावलं, हातात पेन्सिल दिली. म्हटलं, लिही. आई रोज डबा देते. आई नेटबॉलला सोडायला यायची. आई माझ्यासाठी नवीन जॅकेट शोधत तीन दुकानं फिरली.

ती म्हणाली, "बट आई, दॅट्स नॉट द पॉइंट."

"डबा देते की नाही?"

"देतेस."

"मग लिही."

लिहिलं तिनं. मंगळवारी जॅकीनं त्या रकान्यावर हसरा चेहरा काढून दिला. त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, हा तर पेपर आहे! प्रश्न दर आठवड्याला तेच. उत्तरं ठरलेली. परीक्षक प्रेमळ. असा पेपर मला चौथीच्या पोरांसाठी मिळाला असता तर आख्खा वर्ग यादीत आणला असता.

आई


११ ऑगस्ट १९९६

चि. इंद्रनील,

तू फोनवर बाबांना म्हणालास, 'आईला सांगा, ही परीक्षा नाहीये.' तुला परीक्षा नको झाल्या म्हणून जगातल्या परीक्षा संपत नाहीत.

शिकवणी सुरू आहे. जेवणं झाली, टेबल पुसलं की आम्ही बसतो. क्लासात मी तुम्हा सगळ्यांना सांगायचे ते आठवतं ना, प्रश्न वाचायच्या आधी विचारणाऱ्याला काय हवंय ते ओळखा? तेच. मी जॅकी होते, खुर्चीत पाय वर घेऊन बसते आणि विचारते, "सो हाउ वॉज युवर वीक?" पहिल्यांदा तिला हसू आलं. खूप दिवसांनी हसली, हेही जॅकीला सांग म्हटलं.

उत्तरं मी इंग्रजीत ठरवून दिलीत. मला झोप लागते. भूक लागते. सकाळी उठावंसं वाटतं. पुढच्या आठवड्याची मी वाट बघते. याच क्रमानं, कारण जॅकी याच क्रमानं विचारते. मार्क एकदम शून्यावर आणायचे नाहीत, कॉपी केल्यासारखं दिसतं. दर मंगळवारी थोडे थोडे उतरवायचे. मधे एकदा मुद्दाम वाढवले, त्या आठवड्यात मैत्रिणीशी भांडण झालं असं सांगायचं. ते भांडण मीच रचलं. चांगलं जमलं होतं.

एका प्रश्नावर मात्र ती अडते. जगावंसं वाटतं का, अशा अर्थाचा तो प्रश्न आहे. तिची पेन्सिल दरवेळी मधल्या वाक्यावर जाते. मी खोडते, ती पुन्हा तिथेच नेते. मी म्हटलं, हा कंपल्सरी प्रश्न आहे, ऑप्शनला टाकायचा नाही आणि इथे डोकं चालवायचं नाही. पहिलं वाक्य, डोळे मिटून. ती म्हणाली, "पण ते खरं नाहीये." मी विचारलं, "मग काय खरं आहे? मरायचंय तुला? सांगू का जॅकीला? तुला हॉस्पिटलात नेऊन ठेवतील, परीक्षा बुडेल, गॅरेजात क्लासला येणारी सगळी पोरं घरी जाऊन सांगतील." तिनं पहिल्या वाक्यावर खूण केली. आता अडत नाही.

जॅकीनं आवडीच्या गोष्टी करायलाही सांगितलंय, एकेक, रोज. मी वेळापत्रक करून दिलं. बुधवारी पोहणं, म्हणून टॉग्ज, पोहायचे कपडे, घेऊन मी स्वतः तिला पूलवर सोडते. ती काठावर पाय सोडून बसते आणि घरी येते. चालतं, कागदावर 'पोहले' असंच लिहायचं असतं.

तुझे बाबा काल टेबलाशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "विनया, ते थर्मामीटर आहे. तू पोरीच्या तोंडातून काढून गार पाण्यात बुडवते आहेस." मी म्हटलं, तुम्ही तुमचे पेशंट बघा. ते गेले आपले पेशंट बघायला. विरोध करायचा तर शेवटपर्यंत करावा, ते त्यांच्या रक्तात नाही. तुझ्याही नाही. तू फक्त पळ काढतोस.

आई


६ ऑक्टोबर १९९६

चि. इंद्रनील,

ऋग्वेदा पास झाली. जॅकीनं तिला मोकळी केली. शेवटच्या कागदावर जवळजवळ शून्य! मी सँडरिंगहॅमला जाऊन पेढे आणले आणि जॅकीलाही नेऊन दिले. तिनं अर्धा खाल्ला आणि कसला गोड आहे म्हणाली.

शेवटच्या भेटीला मलाही आत बोलावलं. जॅकीनं विचारलं, सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला? ऋग्वेदा म्हणाली, "माय मम." जॅकीचे डोळे भरून आले, तुला खोटं वाटेल. मग विचारलं, काय शिकलीस? ऋग्वेदा म्हणाली, "टु चेक माय आन्सर्स." जॅकी हसली, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, म्हणाली आणि तिला मिठी मारली. परीक्षकानं विद्यार्थ्याला मिठी मारलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आता बोल. तू, तुझे बाबा, ती शाळेतली बाई, सगळे मला शिकवायला निघाला होतात. पोरगी सकाळी उठते, केस धुते, जेवते. सुलेखा, ती नर्स रे, जिचा मुलगा माझ्याकडे गणिताला येतो, काल म्हणाली, 'ऋग्वेदा किती गुणी झालीय, नजर वर करून बोलतसुद्धा नाही.'

येताना गाडीत ऋग्वेदा हिल्सबरो रोडच्या सिग्नलला एकदम मराठीत म्हणाली, "आई, आता मंगळवारी मी कुणाशी बोलू?" किती महिन्यांनी मराठी आलं तोंडातून. मी म्हटलं, "माझ्याशी बोल. नाहीतर पुस्तकाशी." ती बरं म्हणाली.

आणखी एक. परीक्षा होईपर्यंत तुझा रविवारचा फोन बंद. तू फोन केलास की ती त्या दिवशी पुस्तक उघडत नाही. मी उचलेन आणि ठेवून देईन. बाबांच्या हॉस्पिटलात फोन करून त्यांच्याकडून निरोप पाठवायचा उद्योगही करू नकोस. हिला मी एकटीनं वर काढली आहे. तिच्या निकालात तुझा वाटा असायला नको.

आई


८ डिसेंबर १९९६

इंद्रनील,

तू आलास, हॉस्पिटलात चार दिवस माझ्यासमोर उभा राहिलास, एक शब्द बोलला नाहीस आणि तिला घेऊन गेलास. बॅग भरतानासुद्धा मला विचारलं नाहीस. तिचे लोकरीचे कपडे वरच्या कप्प्यात होते, ते राहिले. डुनेडिनला उन्हाळ्यातही थंडी असते.

इथे मी सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलंय. सुलेखाला कळलं असणार, त्याच हॉस्पिटलात आहे ती, पण तिनं फक्त भाजी आणून दिली आणि मुलाला क्लासला पाठवणं बंद केलं. तिचंच नाही, सगळ्यांचंच बंद झालं. गॅरेजात आता तुझ्या बाबांची गाडी असते.

तू मला विचारलं नाहीस म्हणून मीच सांगते. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. दुपारी मी गॅरेजात शिकवत होते. ती आत अभ्यास करते आहे असं मी धरून चालले होते, कारण घरात शांतता होती. तुझे बाबा त्या दिवशी लवकर घरी आले. ते नेहमीच्या वेळेला आले असते तर या पत्रात लिहायला काही उरलं नसतं. त्यांनी मला हाक मारली नाही. मुलीला उचलून गाडीत घातलं आणि निघून गेले. मी भागाकार शिकवून बाहेर आले तेव्हा ड्राइव्हवेवर तिची एक जँडल, रबरी चप्पल, पडली होती.

आता तुला माहीत नाही ते ऐक. तू विमानतळावरून येत होतास तेव्हाचं. वॉर्डात एक तरुण डॉक्टर आली आणि तोच कागद तिच्या हातात देऊन गेली. तोच, तेच प्रश्न. हाताला सुई लावलेली होती, ओठ सुकलेले. तिनं कागद घेतला आणि भराभरा खुणा केल्या, न वाचता. जगावंसं वाटतं का, त्या प्रश्नावरसुद्धा थांबली नाही. आणि मग कागद माझ्या हातात दिला. तपासायला.

मी तपासला, इंद्रनील. सवयीनं माझी नजर खालपर्यंत गेली. सगळं बरोबर होतं.

डॉक्टर परत आली, कागद बघितला, मग ऋग्वेदाकडे बघितलं. "हे खरं आहे का?" ऋग्वेदानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. डॉक्टरनं कागद बाजूला ठेवून तोंडी विचारलं. झोप कशी लागते? तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, छान लागते. भूक? पुन्हा माझ्याकडे. तेव्हा डॉक्टरनं मला बाहेर जायला सांगितलं. दार लागायच्या आत तिचा आवाज ऐकला, "माय मम नोज." आईला माहीत आहे, म्हणजे काय ते तू तिला विचार. मला विचारायची हिंमत नाही.

बाहेर तुझे बाबा बाकावर बसले होते. मी शेजारी बसले तर उठून गेले नाहीत, पण सरकले. डॉक्टरनं नंतर आम्हाला सांगितलं, काही दिवस तिनं घरापासून लांब राहिलेलं बरं. 'घरापासून' म्हणताना ती माझ्याकडे बघत होती. तुझे बाबा म्हणाले, 'मुलगा डुनेडिनला आहे.' पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी शेवटपर्यंत केलं.

लोकरीचे कपडे पार्सलनं पाठवते आहे.

आई


१६ मार्च १९९७

चि. इंद्रनील,

या वेळी आशीर्वाद मनापासून आहेत. उपयोगाचे असतील तर दोघांनी वाटून घ्या.

ऋग्वेदाचं पत्र आलं. मराठीत आहे, अक्षर सुंदर. तू बघितलंस का पाठवायच्या आधी? तुझ्यासाठी उतरवून काढते.

'प्रिय आई, मला झोप लागते. भूक लागते. सकाळी उठावंसं वाटतं. पुढच्या आठवड्याची मी वाट बघते. मला जगावंसं वाटतं. काळजी करू नकोस. तुझी, ऋग्वेदा.'

मी ते शेगडीपाशी उभ्या उभ्या वाचलं आणि आधी बरं वाटलं. खरंच सांगते, जरा वेळ बरं वाटलं. तुझ्या बाबांना वाचून दाखवायला गेले आणि तिसऱ्या वाक्याला माझी जीभ पुढे पळाली. चौथं वाक्य मला न बघता येत होतं. माझीच वाक्यं, इंद्रनील. जेवणाचं टेबल पुसून पाठ करून घेतलेली. क्रमसुद्धा तोच. तिनं फक्त त्यांचं मराठी केलंय.

कदाचित खरं असेल. माणसाला झोप लागायला लागली तर तो दुसऱ्या कुठल्या शब्दांत लिहिणार? तुझे बाबा तसंच म्हणाले. पण म्हणताना ते पत्राकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

म्हणून परवा तुला फोन केला. तू म्हणालास, "हीप्स बेटर, खूपच बरी आहे ती, आई. तिकडची नवीन सायकॉलॉजिस्ट पण छान आहे. माझ्याबरोबर पहाटे बेकरीत येते." मी विचारलं, खरंच? तू म्हणालास, "हो, छान चाललंय." ज्या आवाजात म्हणालास तो मी ओळखते. 'अभ्यास छान चाललाय' म्हणायचास तो आवाज. तेव्हाही तुझ्या मागे भट्टीचा आवाज यायचा आणि मी समजायचे की वसतिगृहात हीटर मोठे आहेत.

तूही माझ्याच क्लासातला. विचारणाऱ्याला काय हवंय ते तू सगळ्यात आधी ओळखायचास.

मी जॅकीला जाऊन भेटले. तिला सगळं सांगितलं, शिकवणीपासून. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली नव्हती. ती नुसती रडली, आणि मला ते आवडलं नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. निघताना मी विचारलं, आता ती खरं सांगते आहे की नाही हे मला कसं कळणार? जॅकी म्हणाली, "तुम्हाला नाही कळणार."

बेकरीत येते म्हणालास. हात भाजत नाही ना तिचा? पिठात काय काय घालते? खोटं असेल तर तपशील विचारल्यावर अडखळतं माणूस, म्हणून विचारते आहे. नाही, उत्तर देऊ नकोस. तू तपशीलही रचशील, मैत्रिणीचं भांडण रचणाऱ्या आईचाच मुलगा तू.

तिचं पत्र सोबत परत पाठवते आहे. त्यात एकही चूक नाही. तिला म्हणावं, एखादं तरी उत्तर चुकीचं लिहून पाठव. मी तपासणार नाही.

आई